विश्लेषण : भर पाण्यात न सुटणारी शिंपल्यांची पकड कशी मोजतात?

मालवणच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की खडकांना चिकटलेले हिरवे शिंपले, म्हणजेच शिनाणे, उघडे पडतात. लाटांचा मारा बसूनही ते सहसा सुटत नाहीत. या पकडीचे मोजमाप एकेका रेणूपर्यंत नेणारे उपकरण म्हणजे अणुबल सूक्ष्मदर्शक, अर्थात एएफएम.

पकड कशामुळे?

शिंपला पायातून धागे सोडतो. धाग्याच्या टोकाशी चिकट चकती असते. तिच्यातील प्रथिनांत ‘डोपा’ हा घटक असतो आणि तो ओल्या पृष्ठभागालाही धरतो.

एएफएम काय करतो?

गर्ड बिनिग, केल्विन क्वेट आणि ख्रिस्टोफ गर्बर यांनी १९८६ मध्ये हे तंत्र मांडले. लवचिक पट्टीच्या टोकाला अतिसूक्ष्म सुई असते. सुईला चिकटलेला रेणू ओढला की पट्टी वाकते, तिच्यावरून परावर्तित होणारा लेसर सरकतो आणि बल कळते. हे पाण्यातही करता येते.

२००६ मध्ये हेशिन ली, नॉर्बर्ट शेरर आणि फिलिप मेसरस्मिथ यांनी एकच डोपा टायटॅनियमवरून ओढून काढला. त्यासाठी सुमारे ८०० पिकोन्यूटन बल लागले. १०० ग्रॅमची वस्तू उचलायला साधारण एक न्यूटन लागतो. पिकोन्यूटन हा त्याचा एक लाख कोटीवा भाग. डोपाचे ऑक्सिडेशन झाल्यावर मात्र टायटॅनियमवरची पकड बरीच ढिली पडली.

किनाऱ्याशी संबंध काय?

सिंधुदुर्गात शिनाण्यांच्या शेतीचे प्रयोग झाले आहेत. या शेतीत बीज सुती कापडाने दोराला गुंडाळतात. काही दिवसांत कापड कुजते. तोवर शिंपल्याने दोर धरला नाही, तर पीक समुद्रात जाते. पाण्यात कार्बन डायऑक्साइड खूप वाढल्यास धाग्यांची पकड सुमारे ४० टक्क्यांनी घटते, असे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले.

मग शिनाण्यांनाही धोका आहे?

थेट तसे म्हणता येत नाही. तो प्रयोग पॅसिफिक किनाऱ्यावरच्या वेगळ्या जातीवर झाला होता. शिनाण्यांच्या एका चिकट प्रथिनात साखर जोडलेला निराळा घटक असल्याचे २००९ मध्ये दिसून आले. त्यामुळे परदेशी आकडे इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. एकेक प्रथिन एएफएमने ताणून पाहण्याचे काम मुंबईच्या टीआयएफआरमध्ये आणि पुण्याच्या आयसरमध्ये होते. तेच तंत्र शिनाण्यांच्या प्रथिनांना लावले, तर बदलत्या समुद्रात दोरावरचे पीक किती टिकेल, याचा अंदाज इथल्याच मोजमापावरून बांधता येईल.