टर्बोआधी गिअरबॉक्सला विचारा

चिंचोळी एमआयडीसीत कामाला असलेला माझा भाचा परवा म्हणाला, "मामू, आपल्या जुन्या ऑटोमॅटिकला टर्बो बसवू या. गाडी नुसती पळेल!" ही गाडी घेतली होती दुल्हाभाईंसाठी. डाव्या पायाने क्लच दाबणं त्यांना आता जमत नाही.

हौसेला माझा विरोध नाही, पण हिशोब पुरा हवा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर टर्बो फिरतो आणि आत जादा हवा दाबून भरतो. जादा हवा, जादा इंधन, जादा टॉर्क. तो पेलायचा कुणी? गिअरबॉक्सने. त्याच्या आतल्या क्लच प्लेटा ठरावीक टॉर्कसाठीच केलेल्या असतात. त्या घसरू लागल्या की तेल तापतं, जळतं. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तर विचारूच नका.

याच चिंचोळीत प्रिसिजनच्या कारखान्यात कॅमशाफ्ट बनतात. व्हॉल्व्ह कधी आणि किती उघडायचे हे कॅमशाफ्ट ठरवतो. टर्बो इंजिनासाठी ते गणितही वेगळं मांडतात. गाडीतही एकट्याची ताकद वाढवून भागत नाही.

शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे. नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. म्हणून आधी आरटीओत विचारावं.

भाच्याला एवढंच म्हटलं, "त्या पैशांतून गिअरबॉक्सचं तेल बदल. वेगाची हौस असेल तर पुढे कंपनीतूनच टर्बो लागून आलेली गाडी घे. ही गाडी म्हणजे तुझ्या अब्बूंचे पाय आहेत. त्यांच्यावर प्रयोग नको."