चोवीस तासांच्या बाईचा कोपरा

सहरीसाठी पहाटे साडेचारच्या सुमारास आमच्याकडे घरोघरी स्वयंपाकघराचा दिवा लागतो. अंधेरी-जोगेश्वरीतल्या बऱ्याच घरांत तो एका झोपलेल्या माणसाच्या तोंडावर लागतो. ओटा आणि फ्रिज यांच्यामधल्या जागेत अंथरूण टाकून झोपलेली ती ‘चोवीस तासांची बाई’. रात्री तरावीहची नमाज झाल्यावर पाहुणे आले, भांडी आवरता आवरता साडेबारा झाले. रोजा तिचा असो वा नसो, झोप चार तासांचीच.

हे फक्त रमजानचे किंवा मुसलमानांच्याच घरचे नाही. मुलुंड-घाटकोपरला शाळेच्या डब्यासाठी, दिवाळीत फराळासाठी हाच दिवा असाच लागतो. रात्री कोणाला तहान लागली की तो तिच्या पायांवरून पाय टाकून माठापर्यंत जातो. आणि नाव तर आपणच ठेवले आहे, ‘चोवीस तासांची’. म्हणजे पंचविसावा तास मिळाला तरच तिचा.

मुंबईला हे नवे नाही. जुन्या मुंबईतल्या सुखवस्तू घरांत कोकणातून आलेला रामागडी असे. त्याचे अंथरूण जिन्याखाली नाहीतर व्हरांड्यात. आता झारखंड, ओडिशा, बंगालहून मुली येतात. नव्या टॉवरमध्ये त्यांच्यासाठी स्वयंपाकघरामागे एक खोली काढलेली असते, पण वर्षभरात तिथे सुटकेसी, जुना कूलर आणि तांदळाची गोणी येऊन बसते. मुलगी पुन्हा ओट्याखाली.

हा विषय काढला की उत्तर ठरलेले: ‘मॅडम, आम्हालाच जागा नाही.’ खोटे नाही ते. वन बीएचकेमध्ये सहा माणसे राहतात, दोन भाऊ हॉलमध्ये सोफा उघडून झोपतात. पण त्या भावांपैकी एक जण ‘लाइट बंद कर रे’ असे ओरडू शकतो. बाई ओरडू शकत नाही. अडचण सगळ्यांनाच आहे, ती बोलून दाखवण्याची सोय मात्र तिला नाही.

शिवाय जागा होते, हे आम्हा मुसलमानांना तरी ठाऊक आहे. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत काही जण एतकाफला बसतात, म्हणजे जगापासून बाजूला होऊन इबादत करतात. पुरुष मशिदीत, बायका घरी. त्याच वन बीएचकेमध्ये दादीसाठी एका कोपऱ्यात चादर बांधली जाते आणि दहा दिवस विचारल्याशिवाय कोणी चादरीपलीकडे जात नाही. घर तेवढेच, माणसे तेवढीच.

उर्दूत या एकांताला ‘खल्वत’ म्हणतात. हाच शब्द मराठीत येऊन ‘खलबत’ झाला, आणि त्याला कारस्थानाचा वास लागला. घरातली बाई दार लावून पाच मिनिटे बसली की आपल्यालाही नेमका तोच वास येतो.

कुराणातल्या सूरह नूरमध्ये घरातल्या नोकरचाकरांनी आणि लहान मुलांनी तीन वेळा परवानगी घेऊन खोलीत यावे असे सांगितले आहे: फजरच्या नमाजेआधी, दुपारी कपडे सैल करण्याच्या वेळी आणि इशानंतर. हुकूम मालकाच्या बाजूने आहे, हे खरे. पण फिक्हमध्ये हुकमामागचे कारण, इल्लत, पाहतात. इथे कारण अंगावरच्या कपड्यांचे आणि लाजेचे आहे, आणि ते तर तिलाही लागू होते. मी आलिमा नाही, पण हा अर्थ लावायला मला संकोच वाटत नाही. ईदला आपण तिला नवा जोडा देतो. तो बदलायला ती बाथरूम रिकामे होण्याची वाट पाहते.

आता त्यात कॅमेऱ्याची भर पडली आहे. नोकरी करणाऱ्या आईला मोबाइलवर बाळ दिसले पाहिजे, ही काळजी मला समजते. पण स्वयंपाकघरातला कॅमेरा रात्रीही चालूच असतो, आणि स्वयंपाकघर हीच तिची झोपायची खोली. दुबईत बसलेला घरचा मुलगाही तो उघडून पाहू शकतो. निदान कॅमेरा आहे एवढे तिला सांगितलेले असते का? रात्री बंद करायला तर एक बटण पुरते.

कायद्याकडून फार आशा नको. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी करार केला. सोबतच्या शिफारशीत स्वतंत्र हवेशीर खोली, दाराला कुलूप आणि किल्ली कामगाराच्या हाती असे लिहिले आहे. भारताने त्या करारावर अजून मोहोर उमटवलेली नाही. आपल्या राज्याचा २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा नोंदणी आणि आर्थिक मदतीपुरता आहे, ती झोपते कुठे हे तो विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असे केंद्राला सांगितले. हाँगकाँगची घरे आपल्या अंधेरीइतकीच चिंचोळी, तरी तिथे प्रमाणित करारात जागा लिहून द्यावी लागते आणि वाटेत टाकलेली तात्पुरती गादी चालत नाही. तिथेही सगळे पाळतात असे नाही, पण निदान विचारावे तर लागते.

ओशिवऱ्यातल्या माझ्या ओळखीच्या एका घराने गेल्या वर्षी स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी लावली. रात्री अकरा ते पहाटे पाच ते दार तिचे. पाण्याचा फिल्टर हॉलमध्ये आला. सहरीच्या खजुरा, दूध-शेवयांचे पातेले आणि चहाची इलेक्ट्रिक किटली रात्रीच जेवणाच्या टेबलावर ठेवतात. पहिले आठ दिवस घरात कुरकुर झाली. एक अडचण अजून सुटलेली नाही. आजोबांचे सहरीआधीचे इन्सुलिन फ्रिजमध्ये असते, आणि फ्रिज आत. सध्या आजोबा दार वाजवतात आणि ती उघडेपर्यंत बाहेर उभे राहतात.