शब्बाथचा दिवा कुणी लावायचा?

यहुदी धर्मशास्त्र म्हणतं, आई यहुदी तर मूल यहुदी. आपला समाज म्हणतो, बापाची जात, बापाचं आडनाव, बापाचं कूळ. बेने इस्रायल माणसाचं लग्न धर्माबाहेर झालं की हे दोन्ही नियम एकाच घरात येऊन बसतात. आणि दोन्हीकडून कोंडी होते ती बाईची.

बेने इस्रायल आपल्याला परके नाहीत. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली'. आडनावं किहीमकर, पेणकर, घरात मराठी. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. उरलेले मुख्यतः मुंबई, ठाणे, रायगड आणि पुण्यात आहेत. सातारा-सांगली भागात आंतरधर्मीय जोडप्यांबरोबर काम करताना असं घर क्वचितच भेटतं. त्यांना जवळचं सिनेगॉग पुण्याचं. साताऱ्याहून ते शंभरावर किलोमीटर, सांगलीहून त्याच्या दुप्पट. म्हणजे मुलांना प्रार्थना, सणवार, हिब्रू अक्षरं शिकवायची ती घरातच. आणि 'घरात' म्हणजे कुणी, हे का आपल्याला सांगायला हवं?

नवरा यहुदी, बायको हिंदू असेल तर शुक्रवारी सूर्यास्ताआधी दिवे लावायला ती शिकते. मटण आणि दूध एकत्र येऊ देत नाही. पोहे-नारळाचा मलिदा करते, मुलीकडून 'शेमा' पाठ करून घेते. एवढं करून तिला ऐकावं लागतं, की मूल यहुदी नाही, कारण तू नाहीस! उलट यहुदी बाई हिंदू घरात गेली, तर शास्त्राने तिचं मूल पूर्ण यहुदी. पण सासरी दिवा लावायला तिला कोनाडाही मिळत नाही. एकीकडे राबणं आहे, मान्यता नाही. दुसरीकडे मान्यता आहे, मोकळीक नाही. आणि हे सगळं शिकवायची तुझी इच्छा आहे का, असं दोघींपैकी एकीलाही कुणी विचारलेलं नसतं.

मिश्र संततीला वेगळं काढण्याची रीत जुनी आहे. याच समाजात पूर्वी 'गोरा इस्रायल' आणि 'काळा इस्रायल' असे भेद होते. बिगरयहुदी आईच्या वंशाला 'काळा' म्हणत, त्यांच्याशी बेटीव्यवहार होत नसे. पुढे इस्रायलमधल्या मुख्य धर्मपीठाने १९६२ च्या सुमारास खुद्द बेने इस्रायलांच्याच वंशशुद्धीवर शंका घेतली. लग्नाआधी त्यांच्या आई-आजीची चौकशी होऊ लागली. लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा १९६४ मध्ये धर्मपीठाला नमतं घ्यावं लागलं. वंश तपासला जाण्याचा अपमान या समाजाइतका कुणाला ठाऊक असेल?

समाजाची भीती मी समजू शकते. संख्या तुटपुंजी, त्यात तरुण बाहेर चाललेले. नियम सैल केले तर उरणार काय, हा प्रश्न खोटा नाही. पण शिकवणं वेगळं आणि दाखला देणं वेगळं. मूल यहुदी ठरतं की नाही, हे धर्मपंडितांनी ठरवावं. ज्या मुलाला शिकायचं आहे, त्याला अक्षर नाकारून समाज वाचेल कसा? उद्या त्याला रीतसर धर्म स्वीकारायचा झाला, तरी आधी शिकावंच लागणार.

वाट नाही असंही नाही. डॉ. जेरुशा झिराड या बेने इस्रायल बाईंच्या पुढाकाराने १९२५ साली मुंबईत 'ज्युइश रिलिजस युनियन' ही उदारमतवादी संस्था उभी राहिली. अमेरिकेतल्या सुधारणावादी यहुदींनी १९८३ मध्ये, आई किंवा बाप कुणीही एक यहुदी असेल आणि मूल त्या धर्मात वाढत असेल, तर त्याला यहुदी मानायचं ठरवलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ साली आंतरजातीय विवाहातल्या मुलाची जात ठरवताना, बापाची जात हा शेवटचा शब्द मानला नाही. मूल कुणी, कुठे, कसं वाढवलं हे पाहावं, असं सांगितलं. 'वाढवलं' या शब्दात बाईचे कष्ट प्रथमच मोजले जातात.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. धर्मशिक्षणाचे वर्ग अशा सगळ्या मुलामुलींना खुले असावेत आणि आईलाही तिथे बसायला जागा असावी. पुढे लग्नात किंवा इस्रायलला जाताना काय अडचण येईल, हे मुलांना लहानपणीच खरं सांगावं. आणि लग्न ठरवतानाच दोघांनी बोलून घ्यावं, की मुलांना काय शिकवायचं आणि त्यातलं निम्मं बाप शिकवणार का?

सावित्रीबाईंचं नायगाव सातारा जिल्ह्यातलंच. शाळेच्या दारात वंशावळ विचारायची नसते, हे निदान आपल्याला तरी नव्याने शिकायला नको.