मराठी रॅप नवीन? काहीतरीच काय!

"मराठी रॅप आत्ता कुठे सुरू झालं" असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. अहो, गुहागरकडे जाखडीच्या शक्ती-तुऱ्यात शाहीर पिढ्यानपिढ्या गाण्यातूनच एकमेकांची जिरवतायत! त्याच्या कॅसेट निघाल्या, मग व्हीसीडी, आता यूट्यूब. पण गायलं कोण, ढोलकी कुणाची, साल कुठलं? शोधून बघा, धड नोंद सापडत नाही. जपानात हिप-हॉपच्या सीडीचीही एक प्रत कायद्याने राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करावी लागते. आपला १९५४ चा कायदा पुस्तकं मागतो, १९५६ पासून वर्तमानपत्रंही; गाणी नाहीत. प्रत्येक बिल्डचा नंबर जपणारे आपण, गावच्या शाहिरांची साधी यादी ठेवत नाही? कायदा बदलेल तेव्हा बदलेल. यंदा गणपतीला गावी गेलात की माळ्यावरच्या कॅसेटवरची नावं आधी उतरवून घ्या.