धाप्याचा धडा

कोलकात्याच्या पूर्वेकडील धापा कचराभूमीची सुमारे १२ हेक्टरांची जुनी, बंद झालेली टेकडी केंद्राच्या एका प्रकल्पातून आच्छादित करण्यात आली. जागतिक बँकेने या प्रकल्पाला २०१० मध्ये कर्ज मंजूर केले होते. जुनी टेकडी झाकली गेली. शेजारी महापालिकेचा कचरा मात्र पडतच राहिला. २००२ पासून रामसर यादीत असलेल्या पाणथळ प्रदेशाला धापा लागूनच असल्याने हा प्रश्न तेथील मत्स्यतळी आणि भाजीमळ्यांपर्यंत पोहोचतो.

सांडपाणी व घनकचऱ्याच्या व्यवस्थेतील कुचराईबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर २०२२ मध्ये पश्चिम बंगालवर ३,५०० कोटी, तर महाराष्ट्रावर १२,००० कोटी रुपयांची भरपाई आकारली. सत्ताधारी पक्ष निराळे, दुखणे एकच.

केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांसाठी नियम अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती तपासायची, खर्च प्रदूषकाकडून वसूल करायचा. तो न सापडल्यास केंद्र व राज्याने भार उचलायचा, अशी ही रचना आहे. परंतु नागरी कचराभूमींचा प्रश्न मुख्यत्वे अन्य कायद्यांकडेच राहिला. शिवाय तेथे प्रदूषक म्हणजे खुद्द महापालिका! भरपाई राज्याच्या नावावर, काम पालिकेच्या गळ्यात आणि निधीसाठी दोघांची नजर दिल्लीकडे. पुरेसा निधी आणि स्पष्ट उत्तरदायित्व एकाच यंत्रणेच्या हाती दिल्याखेरीज धाप्यात काय किंवा मुंबईच्या देवनारमध्ये काय, जुनी टेकडी झाकताना शेजारी नवी उभी राहणे टळणार नाही.