बीप, बीप आणि आमची आत्ती

माझी आत्ती तासगावची. सकाळी बेदाणा निवडायला जायचं आणि संध्याकाळी घरी येऊन अख्ख्या कुटुंबाच्या भाकऱ्या थापायच्या, हे तिचं रुटीन. पण गेली तीन वर्षं तिचं एकच वाक्य... ‘अंग ठणकतंय गं.’ मान, खांदे, कंबर, सगळंच. रात्रभर झोपूनही सकाळी दमलेलीच. रक्त तपासलं, एक्स-रे काढले. रिपोर्ट? एकदम नॉर्मल! मग घरच्यांनीच निदान केलं, ‘कामाचा कंटाळा.’ आणि मी? पुण्यात कॅफेत बसून फोनवर ‘टेन्शन घेऊ नकोस’ एवढंच म्हणायचे.

शेवटी मिरजेतल्या एका डॉक्टरांनी दुखण्याला नाव दिलं, फायब्रोमायल्जिया. यात मज्जासंस्था वेदनेचा आवाज वाढवते. मांडवातला स्पीकर फुल्ल असला की साधं खोकलं तरी गल्लीभर ऐकू जातं ना, तसंच! एक्स-रेत ते दिसणार कसं?

औषधं सुरू झाली आणि जोडीला बायोफीडबॅक. मानेजवळ स्टिकरसारखे इलेक्ट्रोड लावले. करंट वगैरे काही देत नाहीत. स्नायू आवळला की मशीनची बीप वाढते, सैल सोडला की मंदावते. आत्तीने सावकाश श्वास घेतला, खांदे खाली सोडले आणि बीप खरंच उतरली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘बघ, मशीनलाबी कळलं. मी नाटक करत न्हवते.’

मला काही बोलताच येईना. फिजिओथेरपिस्ट मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, ‘मावशी, हे मशीन ताण मोजतं, दुखणं नाही. बीप थांबली तरी तुमचं दुखणं खरंच आहे.’

घरी येऊन मी वाचायला बसले. 2017 च्या युरोपियन शिफारशींत ठाम शिफारस आहे ती फक्त व्यायामाची. पुरावा तोकडा म्हणून बायोफीडबॅकची शिफारसच नाही! म्हणजे सैल कसं सोडायचं हे शिकायला ठीक, पण ‘वेदनामुक्ती’चं महागडं पॅकेज कुणी गळ्यात मारत असेल, तर खिसा सांभाळा. आणि आत्ती काही एकटी नाही. 1996 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रांच्या टीमने घरोघरी पाहणी केली, तेव्हा सांध्या-स्नायूंच्या दुखण्याची तक्रारच सगळ्यांत पुढे होती.

तुमच्याही घरी एखादी आत्ती असेल. तिचा रिपोर्ट नॉर्मल आला, तर ‘काही झालेलं नाही’ एवढं मात्र म्हणू नका प्लीज.

आमची आत्ती आता रोज संध्याकाळी गणपती मंदिराच्या सात मजली गोपुरापर्यंत चालत जाते. आधी थोडंच, मग हळूहळू वाढवत. परवा फोनवर विचारलं, ‘दुखतंय का गं?’

‘दुखतंय की. पण आता सकाळचा चहा मामा करत्यात.’