तेलाची कुपी आणि हरवलेले पान

अभिजात साहित्याची रंगमंचावर थट्टा केली की त्याचे मोल उतरते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तक्रारीमागची तळमळ खरी आहे, पण निदान चुकीचे आहे. इ.स.पू. 405 मध्ये अथेन्सच्या लेनाया उत्सवात पहिले बक्षीस मिळवणारे अ‍ॅरिस्टोफेनीसचे ‘बेडूक’ हे प्रहसनच पाहावे. युरिपिडीस नुकताच वारलेला. त्याला परत आणायला नाट्यदेव डायोनिसस पाताळात उतरतो आणि तिथे एस्किलस व युरिपिडीस या दोन नाटककारांची जुंपते. युरिपिडीसच्या नाटकांचे आरंभ एस्किलस मध्येच तोडतो आणि प्रत्येकाला एकच शेपूट जोडतो: त्याची तेलाची कुपी हरवली. राजा असो की देव, कुपी हरवतेच. हा पाचकळपणा मुळीच नव्हे. शेपूट दरवेळी वृत्तात बिनचूक बसते, कारण ते आरंभ एकाच साच्यातले आहेत: आधी नाव, मग लांबलचक विशेषणवाक्य, आणि क्रियापद शेवटी. हा साचा पकडायला तयार कान लागतो आणि तो कान प्रेमाने वाचणाऱ्यालाच मिळतो.

मग हा पंडितांपुरता खेळ झाला, असे कोणी म्हणेल. तसेही नाही. पुढे दोघांच्या ओळी तराजूत घातल्या जातात. एस्किलसची ओळ नदीची; तिचे पारडे खाली जाते, कारण लोकर विकणारा माल भिजवतो तसे त्याने ओळीत पाणी घातले आहे. एवढे कळायला बाजार पाहिलेला असला की पुरे. एस्किलसच्या बाजूने लागणारा निकाल युरिपिडीसवर अन्याय करतो, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. तरीही स्त्रियांना आणि गुलामांना आपण बोलते केले, ही त्याची बाजू अ‍ॅरिस्टोफेनीसने त्याच्याच तोंडून स्वच्छ मांडू दिली आहे.

आणि थट्टेने मूळ कृती झिजते म्हणणाऱ्यांनी एस्किलसच्या ओरेस्टीस-त्रयीतले दुसरे नाटक उघडावे. ज्या जुन्या हस्तलिखितावर ते उभे आहे, त्यात सुरुवातच गहाळ आहे. आज छापल्या जाणाऱ्या पहिल्या काही ओळी आल्या त्या ‘बेडूक’मधून. तिथे युरिपिडीस त्या शब्दाशब्दाने सोलतो: ‘आलो’ म्हटल्यावर पुन्हा ‘परतलो’ कशाला? एस्किलस सांगतो, घर असलेला माणूस नुसता येतो. हद्दपार झालेला येतो आणि परततोही.